जास्वंदीवरचा पिठ्या: दोन नावं खोडली, एक पाहुणा निघाला

मंडळी, जास्वंदीचं घोडं अखेर पुढे सरकलं. तिच्यावर पिठ्या, म्हणजे पांढऱ्या पिठासारख्या मेणात लपून रस शोषणारी कीड, बसलाय; तो नेमका कोणता, यात मागच्या वेळी तीन नावांवर अडलो होतो: पपईचा पिठ्या ढेकूण, कपाशीचा, की गुलाबी. मेणाच्या थराखाली तिघेही सारखेच. शेजारच्या काकाजींचं मत ठाम, "बुरशी लागली असन, तोडून फेक नं बापा."

कोडं सोडवलं मेडिकलमधल्या सर्जिकल स्पिरिटनं. पपईचा पिठ्या अल्कोहोलमध्ये एक-दोन दिवसांत निळसर काळा पडतो. काकाजींच्याच पपईवरून काढलेले काळे ठिक्कर झाले, जास्वंदीवाले जसेच्या तसे. (बाटल्या होमिओपॅथीच्या, रिकाम्या. ऑनलाइन मिळणाऱ्या नमुन्याच्या बाटल्यांपेक्षा बूच घट्ट बसतं, आणि फुकट.)

उरले दोन. गुलाबी असता तर शेंड्याची पानं आखडून गुच्छ झाला असता; माझे शेंडे सरळ आहेत. मग ओल्या ब्रशनं पाठीवरचं मेण हलकेच सारलं आणि दहापटीच्या भिंगाखाली गडद ठिपक्यांच्या जोड्या दिसल्या! फेनाकोकस सोलेनोप्सिस, कपाशीवालाच. मोबाइलला लावायची स्वस्त मॅक्रो लेन्स इथं कुचकामी, कडा सगळ्या धूसर.

पण त्याच फांदीवरचे सगळ्यात मोठे, लांब झालरीवाले काही केल्या जुळेनात. ठिपके नाहीत, आणि ब्रश लागताच सुसाट पळतात. पिठ्या कुठला एवढा पळतोय! एकाला उलटं केलं तर सोंडेच्या जागी जबडा. म्हणजे पिठ्याचं सोंग घेऊन पिठ्याच खाणारी भुंगेऱ्याची अळी. क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा असावा, पण स्किम्नस या दुसऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्याही अशाच पांढऱ्या असतात. गंमत बघा, सोलेनोप्सिसचं शास्त्रीय वर्णन १८९८ सालचं, आणि क्रिप्टोलिमस भारतात आणला तोही १८९८ मध्येच, कॉफीवरच्या खवले किडीसाठी.

कामिनीच्या झुडपावर सायला (संत्र्यावरही पडणारा, रस शोषणारा बारीक किडा) पक्का झाला, डोकं खाली नि बूड वर करून बसतो, तेवढ्यावरून ओळखला. आमच्याकडे बांधापलीकडे संत्रीच संत्री, म्हणून त्याचं वेगळं लिहीन.

निंबोळी अर्काचा पंप भरून ठेवला होता, पण हे लिहिता लिहिताच बेत बदलला. जास्वंदीवर फवारणी नाही. अळ्या पिठ्यासकट बरणीत, तोंडाला मलमलचं फडकं. काळा भुंगेरा, डोकं नि शेपटाकडचा भाग नारिंगी, असा निघाला तर क्रिप्टोलिमस. बांधावरच्या गाजरगवतावरही सोलेनोप्सिस जगतो, तेव्हा खुराक तिथूनच आणीन. तिकडेही झालरवाले पळताना दिसले तर आणखी एक बरणी लागेल.