पाचवा रकाना : आमची वाटचाल

“पुस्तकाला दलाल कशाला?” पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या बाजारात, आम्ही लेखकांचे एजंट म्हणून बसलो त्या दिवसापासून हा प्रश्न ऐकतोय. लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी 1875 च्या सुमारास लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलायला सुरुवात केली आणि त्याचे दहा टक्के लावले. आपल्याकडे मात्र लेखक अजूनही हस्तलिखित काखोटीला मारून स्वतःच प्रकाशकाचा जिना चढतो. त्यात चूक काही नाही, हिशेबच तसा आहे. 300 रुपयांचं पुस्तक, 10 टक्के मानधन आणि 1000 प्रती धरा. सगळ्या खपल्या तर लेखकाला 30,000 आणि आमचे 15 टक्के म्हणजे 4,500. तेही दोन-तीन वर्षांत, हप्त्याहप्त्याने. एवढ्यात जागेचं भाडं निघत नाही. त्यामुळे आमचं पोट आधीपासून अनुवादाच्या आणि ऑडिओच्या हक्कांवर.

पहिले भागीदार निवृत्त मुद्रितशोधक होते. त्यांचं भांडवल म्हणजे एक लाल पेन आणि लाल कापडी पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. वहीत चार रकाने होते : तारीख, कोणाला पाठवलं, कितवा खर्डा, उत्तर कधी अपेक्षित. तिसरा रकाना लोकांना फालतू वाटतो. पण एका प्रकाशकाकडे दुसरा खर्डा आणि दुसऱ्याकडे चौथा गेला, की दोघांच्या सूचना एकत्र करता करता कादंबरीचे तीन तेरा वाजतात. नंतर संगणक आला, एक्सेल आलं. वही बंद झाली नाही.

संहिता युनिकोडमध्येच घ्यायची, हा नियमही त्यांचाच. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली फाईल समोरच्याच्या संगणकात तो फाँट नसला की निव्वळ इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसते. कन्व्हर्टरने बदलून घेतली तर रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. तेव्हा बदलल्यावर एकदा फक्त रफार आणि जोडाक्षरांसाठी वाचा. आणि कृपा करून सत्तावीस प्रकरणांच्या सत्तावीस फायली पाठवू नका. एक फाईल, पानांना क्रमांक, प्रत्येक पानाच्या माथ्यावर नाव आणि शीर्षक, ओळींत दीडपट अंतर.

पहिली मेल तीनशे शब्दांपुढे नको. विषयाच्या ओळीत प्रकार, शीर्षक, शब्दसंख्या. सोबत एक पानाचा सारांश आणि पहिली तीस पानं. पहिलीच, ‘सगळ्यात जमलेली’ नव्हेत. सारांशात शेवट सांगायचा. ‘पुढे काय होतं ते वाचकांनीच ठरवावं’ असं लिहिणाऱ्यांना आम्ही त्या वाचकांकडेच पाठवतो. कादंबरी पूर्ण झालेली हवी. ललितेतर पुस्तकाला प्रकरणांची यादी, एक नमुना प्रकरण आणि हे तुम्हीच का लिहायचं, याचा एक परिच्छेद पुरतो. अनुवादाचे हक्क विकायचे असतील तर वीसेक पानांचा इंग्रजी नमुना लागतो, कारण दिल्लीकडच्या बहुतेक संपादकांना मराठी वाचता येत नाही. नमुन्याचे पैसे अनुवादकाला द्यावे लागतात. ते कोण देणार हे आधी ठरवा, नाहीतर मैत्री तिथेच संपते. दोन महिने उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. चौथ्या दिवशी फोन करू नका.

आता ती कंपनी. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आमच्यापासून दोन गल्ल्यांवर काचेचं ऑफिस थाटून त्यांनी ‘साहित्य एजन्सी’ अशी पाटी लावली. वाचनशुल्क 3,000, संपादनासह पॅकेज 45,000. आम्ही वाचायचे पैसे कधी घेतले नाहीत. पुस्तक विकलं तरच एजंटला पैसे, हा या धंद्याचा पायाच आहे. लेखकाकडून आधीच वसूल करणाऱ्याला पुढे ते विकायची निकड उरत नाही. हे आम्ही पटवत राहिलो आणि लेखक काच बघत राहिले. वर्षभरात आमच्याकडे उरले दोन.

त्यातल्या एकाच्या कादंबरीचे इंग्रजी हक्क आम्ही दिल्लीच्या एका प्रकाशकाला विकले. आगाऊ रक्कम एक लाख, तीन हप्त्यांत : सहीला, इंग्रजी संहिता मिळाल्यावर, प्रकाशनाला. त्यातली निम्मी अनुवादकाची. सह्या झाल्या, पहिला हप्ता आला, आमचा वाटा कापून बाकीचे वाटूनही झाले. मग त्या कंपनीची नोटीस आली. लेखकाने मधल्या काळात तिथे पॅकेज घेतलं होतं आणि सहा पानी कागदावर सही केली होती. चौथ्या पानावर एक ओळ : ‘सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमचे.’ आम्हाला सांगितलं नव्हतं. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून,” म्हणाला.

प्रकाशकाच्या करारात हमीचं कलम असतं : हे हक्क माझ्याकडे आहेत, दुसऱ्या कोणाला दिलेले नाहीत. ते खोटं ठरलं, करार रद्द झाला, हप्ता परत गेला. अनुवादकाने काम केलं होतं, त्यामुळे तिचा वाटा आम्ही खिशातून भरला. त्या प्रकाशनसंस्थेने दीड वर्ष आमच्या मेलला उत्तर दिलं नाही. एका लेखकाच्या सहीने बाकीच्यांची दारंही बंद झाली. जागा सोडली आणि भागीदारांच्या माडीवर दोन टेबलं टाकली.

तिथे वहीत पाचवा रकाना आखला : हक्क कोणाकडे?

आता पहिल्या भेटीत चहाच्याही आधी तोच भरतो. मूळ मराठी करार दाखवा. करार नसेल तर प्रकाशकाचं पत्र. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19 प्रमाणे हस्तांतरण लेखीच लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. अनुवाद हा वेगळा हक्क आहे. करारात फक्त ‘मराठी आवृत्ती’ असेल तर तो लेखकाकडेच राहतो. ऑडिओचं जरा किचकट आहे. 2012 च्या दुरुस्तीनुसार करारावेळी व्यवहारात नसलेलं माध्यम, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय, हस्तांतरणात येत नाही. पण कॅसेटी तेव्हाही होत्याच, असं प्रकाशक म्हणतो आणि वाद पेटतो. म्हणून नव्या करारात प्रत्येक माध्यम नाव घेऊन लिहा.

आणखी एक, कुणी विचारलं नसलं तरी. चार एजंटांना एकाच वेळी विचारायला हरकत नाही, फक्त तसं लिहा. एकाशी करार झाला की प्रकाशकांना परस्पर काही पाठवायचं नाही, साहित्य संमेलनात गप्पांच्या ओघातसुद्धा नाही. आधी कोणी नाकारलं असेल तर तेही सांगा. नकार लाजेचा नाही, पण त्याच टेबलावर तीच संहिता दुसऱ्यांदा टाकणारा एजंट मूर्ख ठरतो. आमच्याशीही लेखी करार करा, एकाच पुस्तकापुरता, एक वर्षाचा, साठ दिवसांच्या नोटिशीचा. करार संपला तरी आम्ही विकलेल्या हक्कांवरचं कमिशन चालू राहतं. हे न वाचता सही करणारे नंतर भांडतात.

त्या कादंबरीचं सांगायचं राहिलं. कलम 19 मध्येच आणखी एक तरतूद आहे : हक्क घेणाऱ्याने वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसलं, तर ते हस्तांतरण संपतं. सहा पानांत वर्षाच्या मुदतीबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि कंपनीने अनुवादासाठी एक मेलही केली नव्हती. वकिलांनी त्यावर नोटीस दिली. पाच महिने घासाघीस झाली आणि हक्क सोडल्याचं पत्र हातात आलं. इंग्रजी पुस्तक शेवटी दुसऱ्या, लहान प्रकाशकाकडे गेलं, 40,000 वर. तोवर भागीदारांची नजर अधू झाली होती. वही डोळ्यांजवळ धरून त्यांनी पाचव्या रकान्यात स्वतःच्या पेनने लिहिलं : ‘लेखकाकडे. पत्र पाहिले.’