ताटांचा रस्ता

आयर्लंडमधल्या गॉलवेला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सईने चहाचा कप हातात देत विचारलं, "मामा, कडे बघायचे की पडकी चर्चं?" कडे म्हणजे क्लिफ्स ऑफ मोहर, जिथे सगळं जग जातं. मी पडकी चर्चं म्हणालो. "तिथे नुसत्या भिंती आहेत हां. तिकीटसुद्धा नाही," तिने बजावलं. तिकीट नाही म्हटल्यावर माझा बेत पक्काच झाला.

सई माझी भाची. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात आहे, तीन वर्षं झाली. गॉलवेत असे कारखाने बरेच आहेत आणि त्यांत आपली मुलंही बरीच. शनिवार-रविवार तिचा मोकळा. गाडी तिची, पेट्रोल माझं, असा करार झाला आणि आम्ही दक्षिणेकडे बरनच्या दिशेने निघालो.

किनवारा गाव मागे पडलं की रस्ता अरुंद होत होत गाडीच्या रुंदीएवढा उरतो आणि त्याच्या मधोमध गवताची पट्टी उगवलेली दिसते. दोन्ही बाजूंना गडगे. अगदी आमच्या देवगडकडे असतात तसे, माती-चुना न घालता दगडावर दगड रचलेले. फक्त जांभ्याऐवजी करडा चुनखडीचा दगड, आणि फटी इतक्या की पलीकडचं आभाळ दिसावं. समोरून ट्रॅक्टर आला. सईने मुकाट्याने रिव्हर्स टाकला आणि बरंच अंतर गाडी मागे नेली. डावा आरसा गडग्याला खरवडला गेला. ट्रॅक्टरवाल्याने जाताना स्टिअरिंगवरची पकड न सोडता एक बोट तेवढं वर केलं. "हा इथला नमस्कार," सई म्हणाली. आरशाबद्दल काही बोलली नाही. मीही नाही.

आयरिश भाषेत बरन म्हणजे खडकाळ जागा. नावात काही लपवलेलं नाही. डोंगरच्या डोंगर उघडे, पायरीपायरीने चढत गेलेले, पाऊस नुकताच पडून गेला असेल तर चांदीसारखे चमकणारे. सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी हा समुद्राचा तळ होता. पुढे हिमयुगात बर्फाने वरची माती खरवडून नेली आणि फरसबंदीसारखा कातळ उरला. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लिश सेनानी क्रॉमवेलच्या फौजेतून आलेल्या एडमंड लडलो नावाच्या सरदाराने या मुलखाबद्दल लिहून ठेवलंय की इथे माणूस बुडवायला पाणी नाही, फासावर द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. निसर्ग बघताना या माणसाच्या मनात काय चाललं होतं ते यावरून कळतं. पण त्यानेच पुढे असंही लिहिलंय की इथली गुरं मात्र चांगली धष्टपुष्ट आहेत, कारण खडकांच्या मधल्या दोन-तीन फूट मातीत उगवणारं गवत फार गोड.

ते आजही खरं आहे. आणि इथला रिवाज उलटा आहे. सगळीकडे गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात, थंडीत खाली आणतात. बरनमध्ये थंडीत वर नेतात. उन्हाळाभर तापलेला चुनखडीचा दगड ऊब धरून ठेवतो, वरची जमीन कोरडी राहते, चरायला गवत मिळतं. उन्हाळ्यात वर पाणीच नसतं. म्हणून आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो तेव्हा डोंगरावर एकही गाय नव्हती. होती ती फुलं. खडकाच्या चिरांमधून, जिथे बोटही नीट जाणार नाही तिथून, निळ्या जेंशियनची शेवटची चार-दोन फुलं वर आलेली. हा निळा कसा ते सांगणं अवघड आहे. शाळेत शाईची दौत उपडी झाल्यावर पहिल्या क्षणी दिसायचा, तसा.

पहिलं चर्च कॉर्कमरो. एका हिरव्या खोलगट दरीत, मागे करडे डोंगर. सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी सन 1200 च्या आसपास हा मठ बांधला आणि त्याला लॅटिनमध्ये नाव दिलं, "सुपीक खडकावरची मेरीमाता". पोटापुरतं पिकवून राहणाऱ्या साधूंनी ही जागा का निवडली असेल हा प्रश्न नाव ऐकल्यावर पडत नाही.

वेदीकडचा भाग, आपल्या भाषेत गाभारा, अजून छताखाली आहे. दगडी कमानींचं छत आणि त्यावर माशाच्या काट्यासारखी नक्षी. खांबांच्या माथ्यावर पाथरवटाने फुलं कोरली आहेत, खसखशीच्या बोंडासारखी बोंडं आणि घंटेच्या आकाराची फुलं. एका ठिकाणी बोंडाच्या देठाला बारीकसा बाक दिलाय, वजनाने वाकल्यासारखा. मी त्यावर अंगठा फिरवून पाहिला. आठशे वर्षांनंतरही कड लागते. पण तिथून पश्चिमेकडे दहा पावलं टाकली की काम साधं होतं, मग आणखी साधं, आणि शेवटी नुसत्या भिंती. पैसे संपले असावेत. इथले लोक वेगळी कथा सांगतात: या पाथरवटांनी इतकं सुंदर काम दुसरीकडे कुठे करू नये म्हणून राजाने पाचही जणांना मारून टाकलं. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा ऐकत आपण वाढलो, त्यामुळे ही ऐकताना मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

उत्तरेच्या भिंतीत कोनाडा आहे आणि त्यात कोनोर ओब्रायन हा राजा आडवा पडलाय. तेराव्या शतकात बरनमधल्याच एका लढाईत तो मारला गेला. डोक्यावर मुकुट, उशी, अंगावर चुण्यांचा झगा. मूर्ती काही देखणी नाही, चेहरा भाकरीसारखा थापलेला. फुलं कोरणारा हात वेगळा आणि हा वेगळा, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

खरं तर मी राजाकडे नीट पाहिलं नाही, कारण माझं लक्ष मागच्या थडग्याकडे गेलं होतं. चर्चच्या आत, छप्पर नसलेल्या भागात, बरोबर मधोमध, काळ्या गुळगुळीत ग्रॅनाइटचा दगड. कोरलेलं साल अगदी अलीकडचं. त्याला भगव्या-निळ्या रंगाचा लोकरी मफलर गुंडाळलेला. "क्लेअरचे रंग," सई म्हणाली. क्लेअर म्हणजे हा जिल्हा आणि इथल्या हर्लिंगच्या संघाचे हे रंग. हर्लिंग हा इथला खेळ, काठी आणि चेंडूचा. त्यावरून भावाभावांत अबोला धरला जाऊ शकतो.

मी पुरातत्त्वाची जागा बघायला आलो होतो. दोरी लावलेली, पाटी लावलेली, "हात लावू नये" अशी. आणि इथे कुणाच्या तरी आजोबांना गेल्या काही वर्षांत आणून ठेवलंय. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने मठ बंद करवले, जमिनी सरदारांना वाटल्या, पुढे क्रॉमवेलच्या फौजा आल्या, छपरं गेली. पण जमीन पवित्र ती पवित्रच. लोकांना आत प्रार्थना करता येईना तेव्हाही त्यांनी माणसं आणून पुरणं थांबवलं नाही, आणि आजही थांबवलेलं नाही. बाहेर नवीन सिमेंटचं चर्च आहे, त्याला छप्पर आहे, हीटर आहे. तिथे रविवारची मिस्सा होते. शेवटी मात्र इथे यायचं.

दुपारी कीलहिलाला गेलो, स्लीव्ह कॅरन डोंगराच्या पायथ्याशी. गाडी रस्त्याकडेला लावून कातळावरून चालायचं, मग हेझलच्या ठेंगण्या झाडीत शिरायचं. झाडी अशी की आत हिरवा अंधार, प्रत्येक दगडावर शेवाळाची रजई. पाऊस सुरू झाला. माझा पाय एका चिरेत घोट्यापर्यंत गेला, पाय वर आला, बूट आला नाही. सईने पालथं झोपून, हात खांद्यापर्यंत आत घालून तो काढला आणि म्हणाली, "आई विचारेल मामाने काय पाहिलं, तर मी बूट सांगणार."

झाडी संपते तिथे एकदम कडा उभा राहतो. त्याच्या पायाशी संत कोलमनची जागा: छोटंसं पडकं देऊळ, एक झरा, आणि वर कपारीत गुहा. सातव्या शतकात तो इथे सात वर्षं एकांतात राहिला असं मानतात. एकांत म्हणायचा, पण सोबत होती. एक कोंबडा, जो त्याला प्रार्थनेसाठी उठवायचा. एक उंदीर, जो डुलकी लागली की कान कुरतडायचा. आणि एक माशी, जी पोथी वाचताना तो थांबला की त्या ओळीवर बसून राहायची, परत आल्यावर जागा सापडावी म्हणून. शिवाय एक माणूस सेवकही होता, आणि गोष्ट त्याचीच आहे. चाळीस दिवसांचे उपास संपले, ईस्टर आला आणि खायला रानातला पाला. सेवक म्हणाला, आज तरी जेवू या. त्याच वेळी पलीकडे कनॉटचा राजा ग्वारे मेजवानीला बसत होता. दान देऊन देऊन याचा उजवा हात डाव्यापेक्षा लांब झाला होता म्हणतात. तर त्याच्या डोळ्यांदेखत भरलेली ताटं उचलली गेली आणि खिडकीतून उडत निघाली. राजा आणि त्याचे स्वार ताटांमागे धावले ते थेट या कड्यापर्यंत. इथे घोड्यांचे खूर दगडाला चिकटले आणि कोलमनने प्रार्थना केल्यावरच सुटले. ते खुरांचे ठसे आजही दाखवतात. त्या वाटेला आयरिशमध्ये बोहर ना मीस म्हणतात, ताटांचा रस्ता. सेवकाचं काय झालं? एवढ्या दिवसांच्या उपाशी पोटी तो इतका जेवला की मेला. त्याचंही थडगं जवळच आहे. चमत्काराची गोष्ट रचणाऱ्याने हा शेवट ठेवावा याचं मला फार कौतुक वाटलं.

झऱ्यावरच्या झाडाला चिंध्या बांधलेल्या होत्या. फडक्याचे तुकडे, बुटाची नाडी, एक लहान मुलाचा मोजा. नवस कसा बोलतात हे सईला समजावून सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी किलमॅकडुआ. आधी गोर्टला न्याहारी. हे गाव आयर्लंडमधलं छोटं ब्राझील आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी मांस कारखान्यांत कामाला ब्राझीलची माणसं आली आणि इथलीच झाली, त्यामुळे दुकानांवर पोर्तुगीज पाट्या दिसतात. बेकरीतल्या बाईने चीज घातलेले गरम गोळे दिले आणि नाव सांगताना "पाँव" असं काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, पाव? ती म्हणाली, हो, पाँव. पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेला शब्द मला आयर्लंडमधल्या आडगावात पुन्हा भेटला, पिशवीतून वाफ येत असताना.

किलमॅकडुआची जागाही कोलमनचीच. रानातून चालताना त्याचा कमरपट्टा गळून पडला, तिथे त्याने मठ उभारला. जमीन त्याच्या नात्यातल्याच ग्वारेने दिली. आज गवताळ माळावर चर्चचे सांगाडे विखुरलेत आणि मध्ये गोल मनोरा, सुमारे 34 मीटर उंच, अर्ध्या मीटरहून जास्त कललेला. दार जमिनीपासून सात मीटरवर. शिडी लावून चढायचं आणि ओढून घ्यायची, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात खाली उभं राहून वर पाहिलं की ढग सरकतात आणि मनोरा आपल्यावर येतोय असं वाटतं. मी दोन पावलं मागे झालो.

"माझ्या आजोबांच्या वेळेपासून पडतोय तो," मागून आवाज आला. सत्तरीचे गृहस्थ, पायात गमबूट, हातात घासायचा ब्रश. ते एका थडग्यावरचं शेवाळ काढत होते. लवकरच इथला सेमेटरी संडे होता. त्या दिवशी पाद्री येऊन सगळ्या थडग्यांवर आशीर्वाद देतात, डब्लिनहून, लंडनहून नातेवाईक येतात, आणि कुणाचं थडगं घाण राहिलं हे सगळं गाव बघतं.

वीज पडायची भीती नाही का या मनोऱ्याला, मी विचारलं. "या धर्मप्रांतात वीज पडून माणूस मरत नाही, जनावरही मरत नाही," ते म्हणाले. "कोलमनने सांगून ठेवलंय." आणि मग ब्रश पाण्यात बुडवत, "तुमच्याकडे कसं असतं? थडगी?"

मी सांगितलं, आम्ही दहन करतो, अस्थी पाण्यात सोडतो.

ते थांबले. "मग साफसफाईला कुठे जाता?"

मला देवगडच्या घरातला बाबांचा फोटो आठवला, चंदनाचा हार घातलेला. म्हणालो, भिंतीवर फोटो असतो, त्याची काच पुसतो.

त्यांनी यावर जरा विचार केला. "काच बरी," म्हणाले. "शेवाळ धरत नाही." मग रिकामी झालेली बादली माझ्याकडे सरकवली. "नळ गेटापाशी आहे. जरा घट्ट आहे, डावीकडे फिरवा."