तीस हजार आठ दिवस

निजामकाळातल्या नोंदी शोधायची धांदल सुरू झाली तेव्हा आमच्याही घरची पत्र्याची पेटी माळवदाच्या खोलीतून बाहेर आली. तळाशी आजोबांचा शाळेचा दाखला, उर्दूत. गल्लीतल्या चाचांनी चष्मा पुसून वाचला : जन्म, तीर १३४० फसली. तारखेच्या जागी कसरीनं पाडलेलं भोक.

चुलतभावानं जागच्या जागी ५९० मिळवले आणि १९३० लिहून टाकलं. सरसकट असंच करतात, आणि इथंच माणूस एका वर्षानं म्हातारा होतो. फसली साल शेतसाऱ्याचं. हैदराबाद संस्थानात ते ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. तीर हा आठवा, म्हणजे साधारण मे. तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं, म्हणून जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१ मिळवायचे. आजोबा १९३१ चे. (तेच १३४० कुणी हिजरी समजून वाचलं असतं तर आजोबा थेट १९२१-२२ मध्ये! हिजरी साल ३५४-५५ दिवसांचं, त्यामुळं ते फसलीच्या पुढं पळतं.)

तारीख आजीकडून मिळाली. "सासूबाई म्हनायच्या, मिरगाच्या पंधरा दिस आधी झालं लेकरू." मृग ७ जूनचा धरला आणि मागं मोजत २३ मेवर थांबलो.

आजोबा गेले २०१३ च्या आषाढी एकादशीला, १९ जुलैला. मोबाइलमध्ये दोन्ही तारखा घातल्या : ३०,००८ दिवस. भावाच्या हिशेबानं ३०,३७३.

मग सवयीनं उलटं करून बघितलं. ३०,००८ भागिले ३६५, आलं ८२ वर्षं ७८ दिवस. पण २३ मे ते १९ जुलै दिवस होतात ५७. वरचे २१ कुठून आले? चहा गार झाला तरी सापडेना. शेवटी बोटं मोजली : १९३२ पासून २०१२ पर्यंत २१ लीप वर्षं. आजोबांनी एकवीस वेळा २९ फेब्रुवारी बघितली होती आणि माझ्या भागाकारात ती कुठंच नव्हती. ३६५.२५ नं भागलं तेव्हा ८२ वर्षं आणि साडेसत्तावन्न दिवस आले. अर्ध्या दिवसासाठी भांडलो नाही.

आजी हे सगळं शेंगा फोडत ऐकत होती. म्हणाली, "आता माझं काढ."

तिचा कागदच नाही. आधार कार्डावर १ जानेवारी आहे, तिच्या वयाच्या निम्म्या गावाची असते तशी. आठवण एकच : रझाकारांच्या धामधुमीत तिला ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं, आणि आत उभी राहून हात वर केला तरी काठ लागत नव्हता.

१९४८ आणि एका मुलीचा वर केलेला हात. कणग्या केवढ्या उंच असायच्या, हे सध्या गावात विचारत फिरतोय.