संदकफूची लँडरोव्हर झेपेल का?

भिशीत, लग्नाच्या पंगतीत, आणि परवा तर दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या तोंडात कापूस असताना, मला एकच प्रश्न येतो: "संदकफूला ती जुनी लँडरोव्हर जाते ना, त्यात नक्की काय होतं हो? आम्हाला झेपेल का?" विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. गुडघे कुरकुरायला लागलेत, ट्रेक होणार नाही, म्हणून गाडी. म्हणजे गाडी सोपी, हे विचारतानाच धरून चाललेलं असतं. संदकफू म्हणजे दार्जिलिंगकडचं हिमालयातलं एक उंच ठिकाण, आणि लँडरोव्हर म्हणजे तिथे चढणारी जीपसारखी जुनी विलायती गाडी. मी हा रस्ता आधी चालत केला आणि नवऱ्याच्या गुडघ्याने राजीनामा दिल्यावर गाडीने. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, गाडीने दम लागत नाही हे खरं, पण अंग काही वाचत नाही. चालताना पाय दुखतात, गाडीत कंबर, मान आणि डोकं.

आधी जागा समजून घ्या. दार्जिलिंगहून 26 किलोमीटरवर मानेभंजांग नावाचं सरहद्दीवरचं गाव आहे. इकडे भारत, पलीकडे नेपाळ. गाव आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच, आणि तिथून प्रवासाला नुसती सुरुवात होते. पुढे सुमारे 32 किलोमीटरवर 3,636 मीटर उंचीचं संदकफू, पश्चिम बंगालमधलं सगळ्यात उंच ठिकाण. एवढ्या 32 किलोमीटरना तीन ते चार तास लागतात. मुंबईत ट्रॅफिकमध्येही लागतात म्हणा, पण तिथे गाडी उभी असते, इथे सतत उडत असते.

गाड्यांचं म्हणाल तर तो एक चालता-बोलता संग्रह आहे. लँडरोव्हर पहिल्यांदा 1948 साली बाजारात आली. महायुद्धानंतर पोलादाचा तुटवडा होता, म्हणून तिची बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. दार्जिलिंगच्या चहामळ्यांच्या साहेबांनी त्या गाड्या आणल्या, साहेब गेले, गाड्या राहिल्या. धुक्यापावसात बॉडी गंजत नाही, हा त्या तुटवड्याचा फायदा इथल्या मालकांना अजून मिळतोय. आतलं सगळं मूळचं आहे अशा भ्रमात मात्र राहू नका. कितीतरी गाड्यांत आता देशी डिझेल इंजिन धडधडतं. गाड्यांच्या मालकांची संघटना आहे, भाडं ठरलेलं असतं, घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. हल्ली बोलेरोही जातात आणि त्या जास्त आरामशीर आहेत. कंबरेचा विचार असेल तर बोलेरो घ्या, हौसेचा असेल तर लँडरोव्हर.

सुरुवातीचा रस्ता तुम्हाला फसवतो. मानेभंजांगमधून निघाल्या निघाल्या उभा चढ आणि एकावर एक वळणं येतात, पण खाली काँक्रीट असतं. चित्रे, मेघमा करत तुमलिंगपर्यंत पोचलात की वाटतं, उगाच घाबरवलं लोकांनी. तुमलिंग नेपाळात आहे. तिथे चहा प्या, भारतीय रुपये चालतात, आणि शक्यतो रात्र तिथेच काढा. ते का, ते पुढे सांगते. तुमलिंग साधारण 2,950 मीटरवर. तिथून रस्ता चक्क खाली उतरतो, गैरीबासला, म्हणजे साडेतीनशे मीटर कमावलेले परत देऊन टाकायचे. गैरीबासला सशस्त्र सीमा बलाची चौकी आहे, ओळखपत्रं तपासतात. ती बॅगेच्या तळाशी ठेवू नका. गाडीच्या टपावर ताडपत्रीखाली बांधलेली बॅग सोडवणारा माणूस सगळ्या गाडीच्या शिव्या खातो.

खरा खेळ शेवटच्या टप्प्यात, कालीपोखरीच्या काळ्याशार तळ्यानंतर. बिकेभंजांगच्या पुढे चढ असा उभा होतो की पुढच्या काचेतून रस्ता दिसायचा बंद होऊन नुसतं आभाळ दिसतं. रस्ता म्हणजे डोक्याएवढे दगड, कुणीतरी रचून ठेवलेले आणि मग पावसाने विस्कटलेले. आमचे दाजू, इथे ड्रायव्हरला सगळे दाजूच म्हणतात, अशा चढाच्या पायथ्याशी गाडी पूर्ण थांबवायचे. गिअरच्या शेजारी लाल बोंडाचा एक आखूड दांडा होता, तो मागे ओढायचे. खाली कुठेतरी खण्ण आवाज व्हायचा, चारही चाकं कामाला लागायची आणि गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने चढायला लागायची. घाई कुठेच नाही. चाक दगडावर चढलं की एक क्षण थांबल्यासारखं व्हायचं, मग धप्पकन पलीकडे. वळण एका दमात बसत नसेल तर गाडी दरीकडे थोडी मागे घ्यायची आणि पुन्हा पुढे. मागे घेताना हेल्पर पोरगा उडी मारून उतरतो आणि हातात दगड घेऊन मागच्या चाकाशी वाकून उभा राहतो, गाडी घसरलीच तर चाकाखाली सारायला. पहिल्यांदा ते बघताना माझ्या पोटात गोळा आला. नंतर कळलं की त्याच्यासाठी ते आपल्या कंडक्टरच्या डबल बेलइतकंच रोजचं आहे.

या सगळ्यात तुमचं काम एकच: अंग सैल सोडा. नवे लोक आधारासाठी असलेला दांडा घट्ट धरून, पाय रोवून, ताठ बसतात. त्याने प्रत्येक धक्का सरळ मणक्यात जातो. दांडा धरायचा, पण कोपर मोकळं ठेवायचं. खिडकीच्या चौकटीला डोकं टेकवून डुलकी काढायचा विचारही करू नका. जीभ दातांच्या आत ठेवा, म्हणजे चढावर गप्पा बंद. निघण्यापूर्वी थोडं खा. रिकाम्या पोटी मळमळतं, भरल्या पोटी त्याहून जास्त. आणि दाजूंना "और कितना?" विचारू नका. ते "बस, थोडा" म्हणणार आणि त्यानंतर तासभर काही संपत नाही. लघवीसाठी मात्र बिनधास्त गाडी थांबवायला सांगा. बायका संकोचाने पाणीच पीत नाहीत आणि वर पोचल्यावर डोकं धरून बसतात.

डोक्याचं काय ते नीट सांगते, कारण हे कोणी विचारतच नाही. 3,636 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 35 टक्के कमी असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. चालत जाणारा ही उंची दोन-तीन दिवसांत गाठतो, वाटेत मुक्काम करतो, शरीर हळूहळू जुळवून घेतं. गाडीवाला सकाळी दार्जिलिंगला पुरी-भाजी खातो आणि दुपारी वर उभा असतो. त्यामुळे संध्याकाळी लॉजमध्ये डोकं दुखणारे, जेवण नको म्हणणारे, रात्रभर कूस बदलणारे बरेचदा गाडीतून आलेले असतात. ट्रेकवाले शेजारी खिचडी ओरपत असतात. म्हणून तुमलिंगला एक रात्र. त्या रात्रीचे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही. रक्तदाब, हृदय, दमा यापैकी काही असेल तर डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा, नुसतं "दार्जिलिंगला जातोय" म्हणून नका विचारू. वर पोचून डोकेदुखी वाढतच गेली, उलट्या सुरू झाल्या, चालताना तोल जायला लागला, तर सकाळच्या देखाव्याची वाट बघायची नाही, खाली उतरायचं. तिथे गाडी दाराशी असते, हा गाडीवाल्यांचा खराखुरा फायदा.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत, अशीही सहल विकतात. मला विचाराल तर ती घेऊ नये. दुपारी वर बहुतेक वेळा ढग असतात. सात-आठ तास आदळून घेऊन तुम्ही एक पांढरी भिंत बघून येता. वर मुक्काम करून पहाटे उठलात आणि नशीब असेल, तर कांचनजंगेची सगळी रांग आडव्या झोपलेल्या बुद्धासारखी दिसते. त्यात डोक्याच्या जागी जे शिखर आहे त्याचं नाव कुंभकर्ण, आणि झोपेच्या बाबतीत याहून योग्य माणूस मिळाला नसता. डावीकडे लांबवर ल्होत्से, एव्हरेस्ट आणि मकालू. एव्हरेस्ट बघून बरेच जण हिरमुसतात, कारण मकालू जवळ असल्याने तोच मोठा दिसतो. आकाश स्वच्छ हवं तर ऑक्टोबर अखेरपासून डिसेंबरपर्यंत जा, रात्री पारा शून्याखाली जाईल याची तयारी ठेवून. फुललेला गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, बघायचा तर एप्रिल, पण मग शिखरांचा भरवसा नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर, हा रस्ता ज्यातून जातो ते सिंगालीला राष्ट्रीय उद्यान बंदच असतं.

कोणी जाऊ नये? गरोदर बायकांनी, मणक्याची चकती सरकलेल्यांनी, नुकतं ऑपरेशन झालेल्यांनी, आणि तान्ह्या मुलांना घेऊन कोणीच. सत्तरीच्या धडधाकट आजी मी या गाडीत हसत बसलेल्या पाहिल्यात, आणि तिशीतला जिमवाला खिडकीबाहेर तोंड काढून ओकतानाही. तेव्हा वयाचं मला विचारू नका, कंबर आणि डॉक्टर यांना विचारा.

शेवटचं, भांडण टाळण्यासाठी. दाजूंच्या शेजारची जागा सगळ्यांना हवी असते, फोटोसाठी. मागच्या बाकांवर धक्के दुप्पट बसतात, कारण बाकं मागच्या चाकांच्या बरोबर वर असतात. ज्याची कंबर सगळ्यात नाजूक तो पुढे बसेल, हे मानेभंजांगला गाडीत चढण्यापूर्वीच ठरवून टाका. उतरताना तर नक्कीच. उतारावर मागचा माणूस बाकावरून घसरत घसरत पुढच्याच्या मांडीवर येतो, आणि तो जर तुमचा व्याही असेल तर पुढचे चार तास अवघड जातात.