रॅम ३२०० ची, चालतेय २१३३ वर

ओळखीत कोणी नवीन पीसी असेंबल केला की मी आधी टास्क मॅनेजर उघडतो, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीचा स्पीड बघतो. डीडीआर४ (रॅमची एक पिढी, डीडीआर५ तिच्या पुढची) ३२०० ची किट घेतलेली असते, बॉक्सवर ठळक छापलेलं असतं, आणि इथे दिसतं २१३३, नाहीतर २४०० वगैरे. पैसे ३२०० चे मोजलेत ना भाऊ?

दुकानदाराने गंडवलेलं नसतं बरं का. नवीन रॅम लावली की बोर्ड तिला जेडेकच्या (मेमरीची मानकं ठरवणारी संस्था) ठरलेल्या सेफ स्पीडवर, १.२ व्होल्टला चालवतं. बॉक्सवरचा स्पीड म्हणजे खरं तर ओव्हरक्लॉकच (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं), कंपनीने टेस्ट करून रॅमवरच्या छोट्याशा चिपमध्ये प्रोफाइल म्हणून लिहून ठेवलेला, बहुतेकदा १.३५ व्होल्टचा. तो आपण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करायचा.

रिस्टार्ट करून डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं, एक्सएमपी, म्हणजे त्या प्रोफाइलचं नाव, शोधायचं (एएमडीवाल्या आसूस बोर्डांवर डीओसीपी, एएमडीवर डीडीआर५ असेल तर एक्सपो), ऑन करायचं, एफ१० दाबून सेव्ह. मग स्क्रीन काळी होते, पीसी एखाद-दोनदा आपोआप बंद-चालू होतो, तेव्हा घाबरून पॉवर बटण दाबू नका, मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं नव्या स्पीडशी जुळवून घेणं, चाललेलं असतं आणि डीडीआर५ ला तर त्यात काही मिनिटंही जातात.

आता टायमिंग, म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती वेळ घेते ते; बॉक्सवर ते सीएल म्हणून लिहिलेलं असतं. ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद आणि ३६०० सीएल१८ म्हणजेही १० च, कारण सीएल हे क्लॉकच्या सायकलमध्ये मोजतात (खरा क्लॉक छापलेल्या स्पीडच्या निम्मा, ३२०० ला १६००) आणि क्लॉक वाढला की सायकल छोटी होते. २१३३ सीएल१५ मात्र १४ वर जातं, म्हणजे आकडा छोटा बघून खूश होण्यात अर्थ नाही. एएमडीचा रायझेन ५००० प्रोसेसर असेल तर ३६०० वर थांबावं असं माझं मत, तिथे इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारी वाट) १८०० वर रॅमच्या क्लॉकच्या बरोबरीने चालतं, त्यापुढे प्रत्येक चिप टिकेलच असं नाही. रायझेन ५६००जी सारखं प्रोसेसरमध्येच इनबिल्ट ग्राफिक्स असेल तर फरक गेममध्ये लगेच जाणवतो, कारण ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं. आणि प्लीज एकच स्टिक लावून एक्सएमपीचा विचार करत बसू नका, आधी दोन लावा, चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा.

डिस्प्लेच आला नाही तर प्लग काढून सीएमओएस क्लिअर करायचं, म्हणजे बोर्डावरच्या जंपरने (छोट्या पिना) बायोसची सेटिंग मूळपदावर आणायची, जंपर नाही सापडला तर ती नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी थोडा वेळ काढून ठेवायची. विंडोज चालू झालं म्हणजे झालं असंही नाही, रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावाच, एकही एरर आला तर स्पीड एक पायरी खाली, कारण डगमगती रॅम गुपचूप फाइली करप्ट करते.

बायोसमधला बीसीएलके (बोर्डाचा मूळ क्लॉक) १०० आहे तो १०० च राहू द्या, बऱ्याच बोर्डांवर पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी जोडणारी वाट) पण त्यालाच बांधलेलं असतं, थोड्याशा फायद्यासाठी एसएसडीशी खेळ नको. आणि इंटेलच्या एच६१० चिपसेटचं डीडीआर४ वालं बोर्ड असेल तर ३६०० ची किट घेऊच नका, ती तिथे ३२०० च्या वर जाणार नाही.