दोन मिनिटांची हरकत

‘प्लॅन’ म्हटलं की आमच्या घरात एकच प्रश्न विचारला जायचा: आरक्षण कुठं पडलंय? सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात बाबांनी १९८४ साली दहा गुंठे जागा घेतली होती. बँकेतून निवृत्त झालो की घर बांधू, पुढं दोन आंबे लावू, एवढाच बेत. मग नगरपालिकेचा विकास आराखडा आला आणि जागेवर क्रीडांगणाचं आरक्षण पडलं, म्हणजे जागा मैदानासाठी राखून ठेवली, तिथं घर बांधता येणार नाही. पुढं मैदानही झालं नाही आणि घरही झालं नाही. बाबा नकाशाची गुंडाळी काखेत मारून नगररचना कार्यालयात खेपा घालत. सुनावणीला एकदा उभे राहिले, ‘तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय’ असं ऐकून परत आले.

त्यामुळे २००४ साली आम्ही कॅलिफोर्नियात डेव्हिसला घर घेतलं आणि वर्षभरात नकाशा छापलेलं एक पाकीट दारात येऊन पडलं, तेव्हा मी आधी बोट फिरवून आपलं घर शोधलं. ते आरक्षणाबाहेर होतं. तिथं आरक्षण वगैरे नसतंच, हे नवऱ्यानं हसत सांगितलं तरी बोट काही लगेच उचललं गेलं नाही.

डेव्हिस म्हणजे सॅक्रामेंटोच्या पश्चिमेला पंधरा मैलांवरचं, सुमारे ६७,००० वस्तीचं गाव. शेतकी शाळा म्हणून सुरू झालेलं विद्यापीठ आता सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांचं आहे. रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी पट्टी आखणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर, १९६७ सालापासून. लंडनहून आणलेल्या दुमजली बस विद्यार्थीच चालवतात. उन्हाळ्यात टोमॅटोनं भरलेले ट्रक वळणावर झुकले की रस्त्यावर टोमॅटोचा सडा पडतो. मला सगळ्यात नवल वाटलं ते गावाच्या कडेचं. आपल्याकडं गाव संपतं कुठं हे सांगता येत नाही. आधी गॅरेज, मग वीटभट्टी, मग ‘एन.ए. प्लॉट विकणे’चे फलक, आणि मग कधीतरी ऊस. इथं एका बाजूला कुंपण, पलीकडं थेट शेत.

ही कड आपोआप टिकलेली नाही. २००० सालच्या ‘मेझर जे’ या गावच्या नियमामुळे गावाबाहेरची शेतजमीन शहरी वापरात आणायची असेल तर कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, मंजुरी देऊन भागत नाही, गावकऱ्यांचं मतदान घ्यावं लागतं. दारात आलेलं ते पाकीट २००५च्या अशाच मतदानाचं होतं. गावाच्या उत्तरेला ‘कोव्हेल व्हिलेज’ नावानं १,८००च्या वर घरं बांधायची की नाही? माझ्याकडं ग्रीन कार्ड, म्हणजे मत नाही. अंगणाअंगणात पाट्या रोवलेल्या मी नुसत्या वाचत फिरले. प्रस्ताव पडला.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हणजे शेतात घरं बांधायची का, हे लोकांना विचारतात? आमच्याकडं जेसीबी आला की कळतं.”

मी तेव्हा ‘जनरल प्लॅन’ हा शब्द पहिल्यांदा नीट वाचला. कॅलिफोर्नियात प्रत्येक शहराला असा दूरचा आराखडा करावाच लागतो, आणि जमीन-वापर, वाहतूक, घरं, निसर्गसंपदा, मोकळ्या जागा, आवाज आणि सुरक्षितता ही सात प्रकरणं कायद्यानंच सक्तीची. आवाजासाठी स्वतंत्र प्रकरण! बाबा म्हणाले, तेवढं गणपतीत इकडं पाठवून दे. डेव्हिसचा आराखडा २००१ साली मंजूर झालेला, २०१०पर्यंतचा हिशोब धरून. २०१० गेलं, त्यानंतर दहा वर्षं गेली, तरी मधूनमधून ठिगळं लावून तोच चालू होता. इथं मात्र मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

पुढची दहा-अकरा वर्षं मी यातलं काही केलं नाही. नोकरी, मुलं, कर्ज. आमच्या गल्लीत एक घर होतं, तीन बेडरूमचं, त्यात सहा-सात विद्यार्थी राहायचे. रात्री उशिरापर्यंत गाड्या, कचऱ्याचे डबे चार-चार दिवस रस्त्यावर. एकदा मीच फोन करून तक्रार केली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना मी फार शहाणी वाटायला नको.

२०१६च्या सप्टेंबरात भाची शिकायला आली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘निशी’ नावाच्या जागेवरचा प्रस्ताव थोडक्या मतांनी पडला होता. रेल्वेलाइन आणि हायवे यांच्या मधला हा पट्टा, कॅम्पसला अगदी खेटून. तेव्हा विद्यापीठाच्या पाहणीत गावातली रिकामी अपार्टमेंट ०.२ टक्के होती. हजारात दोन. इथं बहुतेक भाडेकरार ३१ ऑगस्टला संपतात आणि १ सप्टेंबरला नवे सुरू होतात. त्या एका रात्री सगळ्या गावाचे सोफे फुटपाथवर असतात. भाचीचं विमान उतरलं तोवर सोफे गेले होते आणि खोल्याही. ती डिसेंबरपर्यंत आमच्या हॉलमध्ये झोपली. मग तिला खोली मिळाली. खोली म्हणजे एका घरातल्या हॉलचा पडदा लावून केलेला अर्धा भाग. घर आमच्या गल्लीतलं नव्हतं, पण अगदी तसंच. कचऱ्याचे डबे बाहेर का राहतात हे मला तेव्हा कळलं: सात जणांपैकी प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी आत घेईल.

निशीला २०१८ साली होकार मिळाला, फक्त विद्यार्थ्यांची घरं म्हणून. मी २०१९ला नागरिक झाले. २०२०च्या नोव्हेंबरात टपालानं आलेली मतपत्रिका स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरली, त्यावर अध्यक्षपदापासून सगळं होतं, आणि खाली गावचे दोन प्रश्न. ‘डी’: शेतजमिनीसाठी मतदानाचा नियम २०३०पर्यंत चालू ठेवायचा का? ‘बी’: गावाच्या पूर्वेला शेतजमिनीवर संशोधन-उद्योगांचं संकुल आणि घरं होऊ द्यायची का? नवऱ्यानं दोन्हीला हो म्हटलं. मीही. नियम हवा, आणि नियमानं विचारलं की अधूनमधून हो म्हणायला हवं, असा आमचा हिशोब. निकाल लागला तेव्हा डी दणदणीत जिंकला आणि बी थोडक्यात हरला. तेच संकुल लहान करून २०२२ला परत आणलं, तेव्हा तर मोठ्या फरकानं आपटलं. माझ्या लॅबमध्ये काम करणाऱ्या फ्रेझ्नोच्या एका विद्यार्थिनीला मी विचारलं, तू काय केलंस? तिच्या मतपत्रिकेवर हे प्रश्नच नव्हते. ती हॉस्टेलमध्ये राहायची, आणि कॅम्पस शहराच्या हद्दीत येत नाही. तो थेट काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अखत्यारीत आहे. ज्या गावाची सगळी खटपट विद्यापीठाभोवती फिरते, त्याच्या मतदानात विद्यापीठातच राहणाऱ्यांना जागा नाही. सोळा वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं.

२०२१ला जनरल प्लॅनमधल्या घरांच्या प्रकरणाची उजळणी सुरू झाली. हे एक प्रकरण ठरावीक वर्षांनी नव्यानं करावंच लागतं. राज्य आकडा ठरवतं, प्रादेशिक संस्था तो गावागावांत वाटते. २०२१ ते २०२९साठी डेव्हिसच्या वाट्याला २,०७५ घरं आली, त्यातली ९३० कमी आणि अतिकमी उत्पन्नवाल्यांसाठी. घरं नगरपालिकेनं बांधायची नसतात. एवढी घरं बसतील अशी जागा नकाशावर दाखवायची असते. मी जागांची यादी उघडली. पार्किंग, जुनी दुकानं, एखादा मोकळा तुकडा. आणि आमच्या घरामागचं छोटं शॉपिंग सेंटर? त्याचं पार्किंग निम्मं कायम रिकामं असतं. ते यादीत नव्हतं.

ठरवलं, कौन्सिलच्या सभेत बोलायचं. कुणी पहिल्यांदा असं काही करणार असेल तर सांगते: आराखडा पहिल्या पानापासून वाचू नका. आधी जमीन-वापराचा नकाशा, मग त्याची सूची, मग आपल्या रंगाचा अर्थ. मी प्रस्तावना वाचण्यात दोन रविवार घालवले. सभेची विषयपत्रिका कायद्यानं ७२ तास आधी लावावी लागते, म्हणजे मंगळवारच्या सभेचं बाड हातात येईपर्यंत शनिवार उजाडतो. त्यात आपला विषय पाचवा की नववा हे बघून ठेवायचं, कारण नववा असेल तर जेवून घ्यायला वेळ असतो.

कोविडमुळे सभा झूमवर होत्या आणि आपलं म्हणणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवता यायचं. वेळ दोन मिनिटं. मी लिहून काढलं ते वाचायला सहा मिनिटं लागली. सुरुवात होती बाबांच्या प्लॉटपासून. भाची तोवर सॅन होजेला नोकरीला लागली होती. तिला वाचून दाखवलं.

“मावशी, दोन मिनिटांत आजोबा बसत नाहीत.”

आजोबा काढले. मग हॉलमधला पडदा राहू दे म्हणाली, पण माझं नाव घेऊ नकोस. शेवटी उरलं ते इतकंच: अमुक शॉपिंग सेंटर, अमुक पार्किंग, दुकानांच्या वर दोन मजले घरं होऊ द्या, बस दारात आहे, सायकलचा रस्ता मागून जातो. चार वेळा रेकॉर्ड केलं. एकदा कुकरची शिट्टी झाली. एकदा नवऱ्यानं हिंगाची डबी कुठंय विचारलं, आणि ‘उजवीकडच्या कप्प्यात’ हे मी मराठीतून कौन्सिललाच सांगितलं.

रात्री दहाच्या पुढं आवाज लावायला सुरुवात झाली. एकामागून एक. मी वही घेऊन बसले होते आणि ऐकता ऐकता नुसते आकडे लिहायला लागले: बत्तीस, अठ्ठावीस, एक्केचाळीस, एकोणीस. प्रत्येकाची सुरुवात तीच, मी इथं इतकी वर्षं राहतो. मग माझा आवाज आला, जरा घाबरलेला, सांगलीचा ‘व’ आणि ‘डब्ल्यू’ एकच करणारा: मी इथं सतरा वर्षं राहते. मीही तेच म्हटलं होतं! चार वेळा रेकॉर्ड करताना ते मला दिसलं नव्हतं. जो पुढच्या सप्टेंबरात दोन बॅगा घेऊन उतरणार आहे त्याच्याकडं सांगायला आकडाच नाही, आणि आराखडा तर त्याच्यासाठी चाललेला. पलीकडून उत्तर आलं नाही. येतही नाही, लोकांचं ऐकून घ्यायचं आणि पुढचा आवाज लावायचा, अशीच पद्धत. ‘म्हणणं नोंदवून घेतलंय’ हे निदान बाबांना कुणीतरी तोंडानं म्हणालं होतं.

त्या प्रकरणाचा पहिला मसुदा राज्याच्या खात्यानं परत पाठवला. दुरुस्त्या, पुन्हा सभा, पुन्हा मसुदा. माझ्या शॉपिंग सेंटरचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं काही नाही. पार्किंग आहे तसंच आहे, निम्मं रिकामं. पण मी जायची थांबले नाही. पुढं सभा पुन्हा प्रत्यक्ष सुरू झाल्या. सिटी हॉल म्हणजे १९२७ सालच्या हायस्कूलची इमारत. तिथं शिरताना परीक्षेला आल्यासारखं वाटतं. ओळखीचे चेहरे झाले. कोव्हेल व्हिलेजविरुद्ध पाटी लावणारे एक आजोबा माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवतात. दर वेळी ते माझ्या विरुद्ध बोलतात आणि मग पाऊस किती झाला यावर आमचं एकमत होतं.

बाबा २०२२च्या दिवाळीआधी गेले. पुढच्या वर्षी भावाचा व्हॉट्सअॅप आला: ताई, सुधारित डीपीचं, विकास आराखड्याचं, प्रारूप लागलंय. आपल्यावर आरक्षण तसंच. हरकतीला तीस दिवस. तू तिकडं हे सगळं करतेस, तूच लिही.

त्यानं नकाशाचा फोटोही पाठवला होता. मी तो मोठा करून, डेव्हिसच्या नकाशावर करते तसं, आधी आजूबाजूचं पाहिलं. १९८४ साली तिथं सगळी शेतं होती. आता चारी बाजूंना अपार्टमेंट, कोपऱ्यावर मंगल कार्यालय, शाळेला पटांगण नाही. मोकळा तुकडा एकच उरलेला, आमचा. गेल्या खेपेला मी तिथं गेले होते तेव्हा विटांचे स्टंप लावून पोरं क्रिकेट खेळत होती. आमच्याकडं बघून एक जण ओरडला, “काकू, बाजूला व्हा, बॉल लागंल.”

वकिलांचं म्हणणं होतं की मंजूर आराखड्याला दहा वर्षं उलटून गेली की ‘जागा घ्या, नाहीतर आरक्षण सोडा’ अशी कलम १२७ची नोटीस देता येते. बाबांनी ती द्यायला हवी होती. त्यांनी का दिली नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही. भावाच्या मुलीचं लग्न ठरतंय, त्याला पैसे हवेत, आणि जागा आमचीच आहे, यात काही खोटं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला. प्रति, मुख्याधिकारी. विषय: प्रारूप विकास योजनेवरील हरकत. महोदय. आणि पहिलं वाक्य लिहिलं: ‘सदर मिळकत गेली ३९ वर्षे आमच्या कुटुंबाच्या मालकीची असून...’

तिथं हात थांबला. आकडा पुसला. परत घातला.

सकाळी भावाचा फोन, “झालं का गं लिहून?”

“किती दिवस राहिले?”

“अकरा.”

“उद्या पाठवते,” मी म्हटलं.