तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी किती इंच उचलू?

"गाडी रोजची आहे, कामावर हिच्यातूनच जातो, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा रस्ता सोडून दगड-चिखलात घालतो. तर लिफ्ट (म्हणजे स्प्रिंगवरची गाडी चाकांपासून वर उचलणं) किती इंचांची करू?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की समोरचा "एक विचारायचं होतं" म्हणाला की मी मनात इंच मोजायला लागते. आकडाच हवा असेल तर घ्या: २. त्याच्या आत भागलं तर उत्तमच. पण एवढं ऐकून लगेच किट मागवायला पळालात तर माझी पहिल्या खेपेला झाली तशी फसगत होईल, म्हणून बाकीचंही ऐकून घ्या.

आधी गाडीखाली झोपा. खरंच झोपा, हातात टॉर्च घेऊन. ओरखडे कुठे आहेत ते बघा. पुढच्या बंपरच्या खालच्या ओठावर? दोन चाकांच्या मधोमध, चासीच्या पट्टीवर किंवा गिअरबॉक्सखालच्या पत्र्यावर? मागच्या टो हुकावर? की थेट ॲक्सलच्या मधल्या गोळ्यावर, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलवर? ओरखडे खोटं बोलत नाहीत. मालक मात्र बोलतो. एकदा कुठेतरी अडकलेला असतो आणि त्याची कहाणी दर वेळी दोन इंचांनी वाढत जाते.

ओरखडे डिफरन्शियलवर असतील तर सस्पेन्शन कितीही उचला, काही फरक पडणार नाही. सलग ॲक्सलच्या गाडीत, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच आडव्या दांड्याला असतं तिथे, डिफरन्शियल ॲक्सलमध्येच बसलेलं असतं, ॲक्सल चाकांवर आणि चाकं जमिनीवर. स्प्रिंग उंच केल्याने त्याच्या वरचं सगळं वर जातं, तो गोळा होता तिथेच राहतो. त्याला वर न्यायला मोठा टायरच लागतो, आणि टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते. २३५/७५ आर १५ चा टायर साधारण २८.९ इंचांचा भरतो. त्याजागी ३१ इंची घातला तर गोळ्याखाली मिळतो जेमतेम १ इंच. म्हणजे पुष्कळदा लिफ्टचं काम काय, तर तो मोठा टायर वळताना आणि उसळताना आत घासू नये एवढी जागा करणं.

ओरखडे पोटावर असतील तर मात्र लिफ्ट कामाची. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,४५० मिलिमीटर आणि पोटाखालची जागा २२० धरा. ५० मिमी उचललं की चढाच्या माथ्यावर पोट टेकण्याचा कोन ढोबळ हिशेबाने चारेक अंशांनी वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण उंचवट्यावर टेकून चारही चाकं हवेत भिरभिरणं आणि नुसतं खरवडून पार होणं यात इतकाच फरक असतो. पुढच्या बंपरचा प्रश्न असेल तर बंपरच बदलावा, हट्टाने सांगते. कडेने वर कापलेला बंपर जो कोन देतो तो स्प्रिंगमधून मिळवायचा म्हटलं तर गाडी जिराफ होईल.

आता माझी फसगत. माझ्या गाडीला पुढेमागे सलग ॲक्सल आणि चारही कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंग. पहिल्यांदा मी सगळ्यांत स्वस्त मार्ग धरला: जुन्या स्प्रिंगच्या डोक्यावर २ इंचांचे स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारे ठोकळे, शॉक ॲब्सॉर्बर कंपनीचे होते तेच. गाडी एका दुपारीत उंच झाली, चारी बाजूंनी फोटो काढून झाले. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पहिल्याच गतिरोधकावर, चाकं पलीकडे उतरताना, खालून 'टक्' आलं. वाटलं काहीतरी सैल राहिलं. सगळे बोल्ट पुन्हा आवळले. पुन्हा टक्. मग प्रत्येक गतिरोधकावर, प्रत्येक खड्ड्यावर, पुलाच्या प्रत्येक सांध्यावर टक्.

सैल काहीच नव्हतं. चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा ते गाडीपासून खाली लोंबतं, आणि किती लोंबायचं ते शॉकच्या लांबीवर ठरतं. माझ्या गाडीत मूळ उभ्या उंचीपासून खाली ९० मिमी प्रवास शिल्लक होता. स्पेसरने गाडी ५० मिमी वर गेली, पण शॉक तेवढाच राहिला, म्हणजे ते ५० या ९० मधूनच गेले. उरले ४०. ते संपले की शॉकचा दांडा आतून टोकाला आपटतो आणि मग तोच टक्. शिवाय जिथे लिफ्टचा उपयोग व्हायला हवा, त्या खाचखळग्यांत चाक पूर्वीपेक्षा लवकर हवेत लटकायला लागलं. उंची विकत घेतली आणि पकड विकली. सहा महिन्यांत दोन शॉक गळायला लागले.

त्यामुळे रोजच्या गाडीला माझा आग्रह एकच: स्प्रिंग आणि शॉक जोडीने बदला, एकमेकांसाठी बनवलेले घ्या, आणि शॉक लिफ्टच्या मानाने लांब हवा. दोन्हींपैकी एकावरच पैसे घालता येत असतील तर थांबा, साठवा. लोक स्प्रिंगच्या उंचीवर बोलत बसतात, पण रोज सकाळी तुमची कंबर ज्याला दुवा देईल तो शॉक असतो. स्प्रिंग गाडी उचलून धरते, शॉक तिला नाचू देत नाही. तुमच्या गाडीत आत्ता जाणवणारा ढिलेपणा, म्हणजे ती लाटेवर बसल्यासारखी डोलणं, बहुधा थकलेल्या शॉकचाच असतो. काही जणांना तर मी नवे शॉक घालून महिनाभर चालवायला सांगितलं आणि लिफ्टचा विषयच मिटला.

स्प्रिंग निवडताना वजन लागतं, अंदाज चालत नाही. गाडी घेऊन वजनकाट्यावर जा. टाकी भरलेली, रोज असतं तेवढं सामान आत, हत्यारांची पेटी असेल तर तीही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची. आकडे लिहून ठेवा. हे का, तर समजा एका स्प्रिंगला १ मिमी दबायला ३ किलो लागतात. ॲक्सलवरच्या दोन्ही मिळून ६. तुम्ही पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) मिळून १२० किलो चढवलेत तर नाक २० मिमी खाली आलंच, विंच पुढे बाहेर लोंबत असल्यामुळे थोडं जास्तच. ५० ची लिफ्ट ३० वर आली. उलटही होतं, आणि जास्त वेळा तेच होतं. उद्या विंच घालू, परवा छतावर तंबू घालू म्हणून लोक जड वजनाची स्प्रिंग घेतात. विंच काही येत नाही. मग रिकामी गाडी हव्या त्यापेक्षा उंच उभी राहते आणि रस्त्यावरच्या बारीकशा खडीवरूनही हाडं खिळखिळी करते. आज गाडीत जे कायमचं आहे त्याच्यासाठी स्प्रिंग घ्या. स्वप्नांचं वजन काट्यावर येत नाही.

आता २ इंचांवरच का थांबा म्हणते ते. सलग ॲक्सलची गाडी उचलली की पुढचा ॲक्सल ज्या आर्मनी धरलेला असतो ते खाली झुकतात आणि ॲक्सल स्वतःभोवती किंचित फिरतो. त्याने कास्टर कमी होतो. सायकलचा पुढचा दांडा मागे कललेला असतो म्हणून ती हात सोडला तरी सरळ जाते. कास्टर म्हणजे तसलाच कल. तो गेला की स्टेअरिंग वळणानंतर आपणहून सरळ येत नाही, आणि हमरस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे भटकते. माझी ८० च्या वेगाला भटकायची, शेजारून ट्रक गेला की दोन्ही हातांनी धरायला लागायचं. २ इंचांत हे ऑफसेट बुशवर, म्हणजे आर्मच्या टोकाला बसणाऱ्या, भोक मध्याबाहेर असलेल्या बुशवर, बहुधा निभावतं. त्यापुढे आर्मच बदलावे लागतात किंवा त्यांचे ब्रॅकेट खाली घ्यावे लागतात. ॲक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉडही तिरका होतो आणि ॲक्सलला एका बाजूला ओढतो. २ इंचांत काही मिलिमीटर, ४ इंचांत सेंटिमीटरच्या पुढे. मग ॲडजस्टेबल रॉड, मग ब्रेकच्या लांब नळ्या, मग ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडून ठरावीक वेगाला येणारी घरघर. ४ इंचांची लिफ्ट म्हणजे एका किटच्या मागे लागलेली सहा बिलं, हे सुरुवातीला कोणी सांगत नाही.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणाऱ्या गाड्यांचं, म्हणजे हल्लीच्या बहुतेक मोठ्या गाड्यांचं, दुखणं वेगळं. तिथे ॲक्सल फिरत नाही, पण चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो. तो कोन घेऊन रोज ५०-६० किलोमीटर धावायचं म्हटलं की त्या शाफ्टच्या टोकाच्या सांध्यांचे, म्हणजे सीव्ही जॉइंटचे, रबरी बूट आधी फाटतात, ग्रीस उडतं, धूळ शिरते, जॉइंट कटकट करायला लागतो. वरच्या आर्मचा बॉल जॉइंटही टोकाला जातो. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या खांबाच्या) डोक्यावर बसणारे स्पेसर इथे विशेष फसवे, कारण १ इंचाचा तुकडा चाकाशी दीड-दोन इंच होऊन बसतो. अशा गाडीला मी दीड इंच सांगते आणि वाईटपणा घेते.

कमानपाट्यांच्या गाड्या आता कमी झाल्यात. तिथे एवढंच लक्षात ठेवा: लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) घातली तर वाढलेल्या लांबीच्या निम्मी उंची मिळते, आणि पुढच्या ॲक्सलवर पाट्याखाली ठोकळा कधीही घालू नये.

मोठे टायर घालणार असाल तर ब्रेकला जरा जास्त अंतर द्यायची सवय करा आणि वेगाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. वरचंच ३१ इंची टायरचं उदाहरण घ्या: काटा आधी अचूक होता असं धरलं तर तो १०० दाखवेल तेव्हा तुम्ही १०७ ला असाल. किलोमीटरही तितकेच कमी नोंदले जातात. त्यामुळे "लिफ्ट केली आणि ॲव्हरेज पडलं" ही तक्रार थोडी खरी आणि थोडी काट्याची असते. आणि काम सुरू करायच्या आधी विमा कंपनीला आणि नोंदणीच्या नियमांना विचारा. देशागणिक नियम वेगळे आहेत, आणि अपघातानंतर ते कळण्यात अर्थ नाही.

आणखी एक, जे माझ्या डोक्यातही नव्हतं. स्पेसर घातल्यानंतर आठवडाभर रात्री समोरून येणारा प्रत्येक जण मला दिवे उघडझाप करून दाखवायचा. मी मनात म्हणायची, काय माजलेत लोक. शेवटी कामावरचा एक जण गाडीसमोर उभा राहिला आणि डोळ्यांवर हात घेऊन म्हणाला, "ताई, तू डिपरवर नाहीस." मी होते. झालं असं होतं की पुढची बाजू मागच्यापेक्षा १५ मिमी जास्त उचलली गेली होती. हेडलाइटचा झोत दर १० मीटरला साधारण १० सेंटिमीटर खाली झुकलेला असतो, आणि माझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात त्या १५ मिलिमीटरनी त्यातले सहा खाऊन टाकले होते. दोन स्क्रू फिरवले आणि गावभरचा माज उतरला. पुढच्या काचेवर कॅमेरा असलेल्या गाड्यांत तोही नव्याने जुळवून घ्यायला लागतो.

दुसऱ्या खेपेला मी जोडीने स्प्रिंग-शॉक घेतले, ४५ मिमी लिफ्टचे, आणि बसवताना मेकॅनिकच्या डोक्यावर उभी राहिले. कारण एक गोष्ट घाईत हमखास चुकते. आर्मच्या टोकांना रबरी बुश असतात. रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबतायत आणि तेव्हाच बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली उतरल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. रस्त्यावर ते आणखी पिळतं आणि वर्षभरात फाटतं. बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, बंपर धरून दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मग खाली शिरून शेवटचा पाना मारायचा. मेकॅनिक कुरकुरला, पण शिरला.

त्याच दिवशी चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा कमी-जास्त झाली की ते बदलतं. मग व्हील अलाइनमेंट. हजारेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासून परत मोजायचं, कारण नव्या स्प्रिंग थोड्या बसतात. माझ्या मागच्या दोन्ही ५ मिमी बसल्या, पुढची एक ४. पुढची दुसरी, म्हणजे चालकाच्या बाजूची, रोज एकटी मीच जिच्यावर बसते ती, ९. यावर घरच्यांचं काय ते बोलून झालेलं आहे.